माउंटन बाईकची हलकी सीट : आठ महिने आणि २१०० किलोमीटरनंतर

गेल्या ऑक्टोबरच्या मध्यावर मी सायकलची सीट बदलली. आता जून अर्धा सरलाय. मीटरवर २१०० किलोमीटर झाले आहेत, त्यातले निम्म्याहून जास्त मुरूम, खडी आणि बैलगाडीच्या चाकोऱ्यांवरचे. नवी वस्तू घेतल्यावर पहिल्या आठवड्यात सगळंच छान वाटतं, म्हणून एवढे दिवस थांबून लिहितेय.

आधी माझ्याबद्दल, नाहीतर पुढचे आकडे कुणाच्या उपयोगाचे नाहीत. वय ४१, वजन ६१ किलो. सायकल २९ इंची चाकांची हार्डटेल, म्हणजे पुढे १२० मिमीचा सस्पेन्शन फोर्क आणि मागे काही नाही. मागे काही नाही म्हणजे दगडाचा प्रत्येक धक्का सीटमधूनच वर येतो. राहायला कोथरूड. आठवड्यात दोनदा बावधन-पाषाणच्या बाजूला, रविवारी मुळशीकडचे कच्चे रस्ते, आणि महिन्यातून एखादी लांब राइड.

सायकलसोबत आलेली सीट मला टोचायची. दुकानात सांगितलं तर दादांनी एका मिनिटात निदान केलं, "मॅडम, तुम्हाला लेडीज सीट लागेल." आणि जाडजूड जेलची, मागे १८२ मिमी रुंद अशी एक सीट काढून दिली. अंगठ्याने दाबली की अंगठा आत जायचा. मला ती सोफ्यासारखी वाटली आणि मी खूश होऊन घरी आले. पहिले दहा किलोमीटर खरंच स्वर्ग. विसाव्या किलोमीटरला मांड्यांच्या आतल्या बाजूला घासायला लागलं. तीस झाले की पुढचा नाजूक भाग चक्क बधिर. उतरून पाच मिनिटं चालल्यावर मुंग्या येऊन जाणीव परत यायची. हे कुणाशी बोलायचं? मी वर्षभर बोललेच नाही. सायकलिंग म्हटलं की एवढं चालायचंच, असं समजून वरून आणखी एक जेलचं कव्हर चढवलं. म्हणजे आगीत तेल.

तेव्हा न कळलेली गोष्ट आता सोपी वाटते. आपण बसतो ते कुल्ल्यांवर नाही, त्यांच्या आत असलेल्या दोन हाडांवर. फार मऊ सीटमध्ये ही हाडं बुडतात, आणि दबलेलं जेल मधोमध वर फुगतं. तिथेच नसा आणि रक्तवाहिन्या असतात. त्यामुळे बधिरपणावर जास्त मऊ सीट हा उपाय नव्हे. बऱ्याचदा तेच कारण असतं.

माझ्याबरोबर सायकल चालवणाऱ्या एका मैत्रिणीने मला पुठ्ठ्यावर बसवलं. शब्दशः. खोक्याचा नालीदार पुठ्ठा कडक लाकडी स्टुलावर ठेवायचा, पातळ कपड्यात त्यावर बसायचं, टाचा उचलून गुडघे थोडे वर घ्यायचे, हँडल धरल्यासारखं पुढे वाकायचं आणि अर्धा मिनिट तसंच राहायचं. उठलं की पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतात. खडूचा तुकडा आडवा फिरवला तर आणखी स्पष्ट. एका खळग्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजायचं. माझं आलं ११६ मिमी. गंमत म्हणून नवऱ्याला बसवलं, त्याचं १२४. लेडीज सीट कुणाला हवी होती ते दादांनाच विचारायला हवं! बायकांची हाडं सरासरीने थोडी जास्त अंतरावर असतात हे खरं, पण माणसामाणसांतला फरक इतका असतो की त्या सरासरीवरून सीट निवडणं म्हणजे आडनावावरून चपलेचं माप काढणं.

त्या ११६ मध्ये माउंटन बाईकच्या बसण्यासाठी साधारण २० मिमी मिळवायचे. सरळ ताठ बसणाऱ्याला जास्त, रेसरसारखं पुढे ओणवून चालवणाऱ्याला कमी. हिशेब आला १३६. बाजारात एकाच मॉडेलच्या १३५, १४२, १५० अशा रुंदी मिळत होत्या. मैत्रिणीची १३५ ची दोन राइडना उसनी घेतली. उजवं हाड कडेवरून घसरल्यासारखं वाटत राहिलं, म्हणून १४२ घेतली. उसनी सीट मिळत असेल तर दोन राइड तरी कराच. दुकानात पाच मिनिटं बसून काहीही कळत नाही. तिथे मऊ सीटच जिंकते.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक तेच मॉडेल मागवतात आणि त्यांची हाडं वेगळी असतात. पण सीट कशी आहे ते सांगते. लांबी २६५ मिमी, मागची बाजू किंचित वर उचललेली, मधे उथळ पन्हळ. आरपार भोक नाही. भोकवाली मला हवी होती, पण मागच्या चाकाचा चिखल त्यातून थेट वर येतो, हे मैत्रिणीने स्वानुभवावरून सांगितलं. फोम पातळ आणि कडक. नाक अरुंद आणि टोकाला थोडं खाली वळलेलं. रेल, म्हणजे सीटखालच्या दोन दांड्या, क्रोमोली नावाच्या पोलादाचे, ७ मिमी गोल. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन भरलं २५२ ग्रॅम. जुनी जेलवाली त्याच काट्यावर ५२०.

तर २६८ ग्रॅम वाचले. जाणवले का? खरं सांगते, चढावर अजिबात नाही. पाण्याच्या एका भरलेल्या बाटलीत पाऊण किलो पाणी असतं. बाटली अर्धी प्यायल्यावर कुणाला सायकल हलकी झाल्यासारखी वाटते का? पण एका ठिकाणी फरक कळला, आणि तो मला अपेक्षित नव्हता. उतारावर उभं राहून सायकल दोन्ही पायांच्या मधे डावी-उजवीकडे झुकवताना. सीट सायकलच्या बऱ्याच उंच ठिकाणी असते, त्यामुळे तिथलं वजन कमी झालं की सायकल चटकन झुकते. तरी मला वाटतं त्यातलं निम्मं श्रेय आकाराचं असावं. १८२ मिमीचं ते ढेरपोट मांड्यांना अडत होतं, तेच गेलं.

याच मॉडेलची टायटॅनियम रेलची सीट साधारण ३० ग्रॅमनी हलकी आणि जवळपास दुप्पट किमतीची होती. कार्बनची त्याहून हलकी. कार्बनचे रेल बहुधा लंबगोल, ७ बाय ९ मिमी असतात आणि प्रत्येक सीटपोस्टच्या, म्हणजे सीटखालच्या उभ्या दांड्याच्या, पकडीत बसत नाहीत. वेगळी पकड घ्यावी लागते, आणि बोल्ट जास्त आवळला तर रेलला तडा जायची भीती. मी महिन्यातून एकदा तरी पडते. मला क्रोमोली पुरे. ज्यांचं वजन जास्त आहे त्यांनी हलक्या रेलच्या सीटवर वजनाची मर्यादा लिहिलेली आहे का, ते आधी पाहावं.

एका सहकाऱ्याने ब्रूक्सची बी१७ सुचवली होती, चामड्याची. काही महिन्यांत अंगाला येते, मग दुसरं काही नको वाटतं म्हणाला. तो रस्त्यावर लांबलांब जातो, त्याच्यासाठी ठीकच आहे. पण ती अर्ध्या किलोच्या घरात, आणि चामड्याला भिजणं मानवत नाही. ताम्हिणीच्या बाजूला पावसाळ्यात सायकल चालवायची आणि सीट कोरडी ठेवायची, हे दोन्ही एकाच जन्मात जमणार नाही.

आता नवी सीट बसवल्यावर मी काय घोळ घातला ते. घरी येऊन पान्याने जुनी काढली, नवी लावली, निघाले. दोन आठवड्यांत दोन्ही गुडघ्यांच्या पुढच्या बाजूला दुखायला लागलं. नव्या सीटला शिव्या घालून झाल्या. मग मोजलं. जुन्या सीटची रेलपासून वरपर्यंतची उंची ६५ मिमी, नवीची ४८. बसल्यावर जेल दबायचं ते धरलं तरी मी सेंटिमीटरभर खाली बसून पेडल मारत होते. सीटपोस्ट १० मिमी वर घेतला, आठवड्याभरात गुडघे गप्प. तेव्हा जुनी सीट काढण्यापूर्वी पेडलच्या दोन्ही दांड्या ज्या आसावर फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर मोजून कुठेतरी लिहून ठेवा. पुढे-मागे सरकवण्याचं मापही नाकाच्या टोकापासून घेऊ नका, कारण प्रत्येक सीटची लांबी वेगळी. सीट जिथे ८ सेंटिमीटर रुंद होते तिथे पेन्सिलने खूण करायची आणि तिथून हँडलपर्यंत मोजायचं. जुनीवर तेच, नवीवर तेच.

आणि कोन. माझे सगळ्यात जास्त दिवस यात गेले, आणि फळही यानेच जास्त दिलं. पहिले सहा आठवडे सीट पाणसळीला अगदी सपाट होती. सपाट रस्त्यावर काही तक्रार नाही, पण लांब चढावर पुन्हा तोच जुना बधिरपणा, थोडा कमी इतकंच. मला वाटलं सात हजार पाण्यात गेले. मग एकदा सिंहगडाच्या गाडीरस्त्यावर घाम पुसत थांबले असताना डोक्यात आलं की सायकलच मागे कललीये! १० टक्के चढ म्हणजे जवळजवळ पावणेसहा अंश. घरी सपाट असलेली सीट इथे तेवढीच नाक वर करून बसते, आणि मी बसल्या बसल्या त्या नाकावर रेलते. नाक २ अंश खाली केलं. त्याच्या पुढच्या राइडला वर पोचेपर्यंत मला सीटची आठवणही झाली नाही.

लोभाने पुढे ४ अंश करून पाहिलं. मग सारखी पुढे घसरायला लागले आणि तळहात दुखायला लागले. परत दोनवर आले. मोजायला मोबाइलमधली पाणसळ पुरते. सीट वक्र असते म्हणून वर मुलाचं परीक्षेचं पॅड ठेवलं आणि त्यावर मोबाइल. तुमच्या सीटपोस्टला दोन बोल्ट असतील तर अर्ध्या अर्ध्या अंशाने सरकवता येतं. एकच बोल्ट असेल तर त्याच्या दात्यांवर अवलंबून, कधी कधी हवा तो कोन मिळतच नाही. रागावू नका, जवळचा घ्या.

माउंटन बाईकच्या सीटकडून रस्त्याच्या सीटपेक्षा वेगळं काम घ्यावं लागतं, हे जेलवालीने मला कधी शिकवलं नव्हतं. फार खडा चढ आला की मागे बसून चालत नाही, पुढचं चाक उचलतं. सरकत सरकत नाकावर यावं लागतं. तिथे नाक अणकुचीदार असेल तर कठीण. या सीटचं नाक खाली वळलेलं आणि बऱ्यापैकी भरीव आहे, त्यावर मिनिट-दोन मिनिटं काढता येतात. उलट खड्या उताराला सीटच्या मागे जावं लागतं. माझ्या सायकलला ड्रॉपर पोस्ट, म्हणजे चालवता चालवता खाली-वर करता येणारा सीटपोस्ट, नाही, त्यामुळे सीट खाली जात नाही, मलाच तिच्यावरून मागे जावं लागतं. जेलवालीच्या मागच्या कडेला माझी शॉर्ट्स दोनदा अडकली होती, एकदा तर परत पुढे येताच येईना. या सीटच्या कडा गोल आणि गुळगुळीत आहेत. अडकायचं बंद झालं.

फेब्रुवारीत लांबची राइड केली. खानापूरवरून पाबे घाट, वेल्हे, कादवे खिंड, पानशेत आणि परत. घरून धरून शंभरच्या वर. बधिरपणा शून्य. हाडांवर दुखलं, शेवटच्या वीस किलोमीटरला चांगलंच दुखलं, ते लपवत नाही. कडक सीटवर हाडं दुखतात. पण ते दुखणं व्यायामासारखं असतं, दुसऱ्या दिवशी सकाळी संपतं. पहिले पंधरा दिवस तर असं रोजच दुखलं होतं. त्यात घाबरून सीट परत करणारे बरेच असतील. पॅडवाली शॉर्ट्स चांगली हवीच, आणि तिच्या आत दुसरं काही घालायचं नाही. शिवण तिथेच घासते. हे मला चार वर्षांनी कळलं, माझ्यासारखं उशिरा कुणाला कळू नये.

तक्रारी आहेत. मार्चमध्ये पडले तेव्हा मागचा उजवा कोपरा दगडाला घासून आवरण फाटलं, दोन बोटांएवढं. काही सीटना कडेला घासपट्टीसारखं चिवट कापड असतं. या किमतीत ते असायला हवं होतं. आत फोम दिसतोय, मी त्यावर पंक्चरचा पॅच चिकटवलाय. दिसायला वाईट, पण अजून टिकून आहे. दुसरं म्हणजे एप्रिलपासून प्रत्येक पेडलला कुरकुर. पेडल उघडले, चेन धुतली, मेकॅनिकदादांनी बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलच्या दांड्यांच्या आसाचं बेअरिंग, बदला म्हणून सांगितलं. शेवटी सीटची पकड सोडवली तर रेल आणि पकड यांच्यात बारीक वाळू. पुसून पातळ ग्रीस लावलं, आवाज गेला. बॉटम ब्रॅकेटचे पैसे वाचले. तिसरं, साध्या कॉटनच्या पँटवर ही सीट निसरडी वाटते. आवरण फारच गुळगुळीत आहे.

पुन्हा घेईन का? हो, १४२ मध्येच, पण कडेला चिवट कापड असलेलं मॉडेल शोधून.

जुनी जेलची सीट टाकवेना. ती सासऱ्यांच्या जुन्या सायकलला बसवली. ते रोज सकाळी दीड किलोमीटरवर दूध आणायला जातात, पाठ ताठ, हँडल उंच, वेग माणसाच्या चालण्याहून किंचित जास्त. परवा पिशवी ठेवता ठेवता म्हणाले, "सूनबाई, ही सीट कुठून आणलीस? झकास आहे. तू ही काढून ते फळकुट का लावून घेतलंस, ते काही मला कळत नाही."