कार्ड ‘फेल’ झालं म्हणून रोख दिली, आणि पैसे दोनदा गेले

ज्यांच्या घरी यंदा लग्न आहे त्यांनी बस्ता बांधायला निघण्याआधी हे वाचावं, म्हणून लिहिते आहे. एकाच खरेदीचे पैसे आम्ही दोनदा दिले, एकदा कार्डाने आणि एकदा रोखीने. रक्कम ४६,८०० रुपये. दुकान सोलापुरातलं. त्याचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. आणि दुकानाच्या नावापेक्षा हे घडलं कसं, ते कळणं जास्त गरजेचं आहे.

मी बार्शीत राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमचं घर रोखीवर चालणारं. पगार झाला की महिन्याचे पैसे काढून आणायचे. दूध, किराणा, भाजी, कामवाली, सगळं त्यातूनच. क्रेडिट कार्ड मुलाच्या आग्रहाने घेतलं. त्याचं म्हणणं होतं की लग्नाच्या मोठ्या खरेद्या कार्डावर टाकल्या तर बिल भरायला महिना-सव्वा महिना मिळतो, आणि काय कुठे खर्च झालं ते एका कागदावर राहतं. ते मला आजही पटतं.

दिवाळीनंतरचा शनिवार होता. आम्ही दोघं, मुलगी, नणंद आणि विहीणबाई असे पाच जण सोलापूरला गेलो. शालू, दोन पैठण्या, मानाच्या साड्या, जावयाचा पोशाख, आहेराची टॉवेल-टोपी. दुकानाचा साड्यांचा विभाग तळघरात, गादीवर बसून साड्या बघायच्या. चार तास गेले. बिल आधी एका चिठ्ठीवर मांडलं गेलं, पेनाने, वर दुकानाचं नाव नाही. आपल्याकडे त्याला कच्ची पावती म्हणतात.

कार्ड चालेल का विचारलं तर मालक म्हणाले, “चालतं की ताई, पण वर दोन टक्के लागतील.” कार्डाने पैसे घेतले की बँक दुकानदाराच्या रकमेतून काही टक्के कापते. ते दुकानदाराने सोसायचे असतात, गिऱ्हाइकाने नाही. यांनी तसं सांगितल्यावर मालकांनी फार ताणलं नाही. “बरं, राहू द्या,” म्हणाले.

मशीन आणलं. मी कार्ड खुपसलं, रक्कम पाहिली, पिन दाबला. मशीन वाजलं आणि कागद बाहेर आला. मालकांनी तो फाडून घेतला, वाचला आणि मुठीत चुरगळला. “ताई, डिक्लाइन आलं.” पुन्हा करून बघा म्हटलं तर म्हणाले, “नेटवर्कच नाही हो खाली.” आणि मग जरा मोठ्याने, “नाहीतर कार्डात लिमिट नसेल, एकदा बघून घ्या.”

शेजारी विहीणबाई बसल्या होत्या. मुलीच्या सासरची माणसं समोर असताना ‘कार्डात पैसे नाहीत’ असं कुणी बोललं तर आईच्या मनाचं काय होतं, ते ज्या आयांनी लग्नं केली आहेत त्यांना सांगायला नको. माझे कान तापले. मोबाइल बघितला तर तळघरात रेंज नाही, त्यामुळे बँकेचा मेसेज आला की नाही कळायला मार्ग नव्हता. दोन मिनिटं वर रस्त्यावर जाऊन बघावं एवढंही सुचलं नाही. विषय लवकर संपावा एवढंच वाटत होतं.

यांच्या बॅगेत मंडपवाल्याला द्यायचे ३० हजार होते. उरलेल्यासाठी हे गल्लीच्या तोंडावरच्या एटीएमला धावले, एकदा १० हजार आणि एकदा ७ हजार काढले. मालकांनी नोटा मशीनवर मोजून घेतल्या, दोनशे रुपये परत दिले, कच्च्या पावतीवर एक तिरकी रेघ ओढली आणि पिशव्यांना गाठी मारून दिल्या. पक्कं बिल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो म्हणाले. रोख मिळाल्याचं कुठेही लिहून दिलं नाही, आणि आम्हीही मागितलं नाही.

वैरागला चहाला थांबलो तेव्हा मी पर्समधून फोन काढला. बँकेचा मेसेज येऊन तास उलटला होता. कार्डावर ४६,८०० खर्च झाले, खाली दुकानाचं नाव आणि वेळ ४ वाजून ५२ मिनिटं.

यांनी लगेच दुकानात फोन लावला. मालक अगदी शांतपणे म्हणाले, “अहो, ते फेल झालेलं आहे. अशी कितीतरी होतात आमच्याकडे. तीन-चार दिवसांत आपोआप परत जमा होतंय बघा, काही काळजी करू नका.” आम्ही ते ऐकलं, कारण असं खरंच होतं. दोन महिन्यांपूर्वी डेअरीत माझे मोबाइलवरून दिलेले साडेतीनशे रुपये कापले गेले होते, समोर पोचले नव्हते, आणि दुसऱ्या दिवशी परत आले होते. तोच अनुभव डोक्यात होता. अंधार पडत आलेला, गाडीत सगळं सामान. आम्ही बार्शीला निघालो.

त्या वेळी वैरागहून गाडी मागे फिरवली असती तर हे सगळं टळलं असतं. हे मला नंतर भाच्याने सांगितलं, तो एका सहकारी बँकेत आहे. स्वाईप मशीनवरचे दिवसभराचे व्यवहार रात्री एकत्र बँकेकडे जातात, त्याला बॅच सेटल होणं म्हणतात. त्याच्या आत दुकानदाराला मशीनवरूनच तो व्यवहार रद्द करता येतो, आणि रद्द केल्याचीही वेगळी स्लिप निघते. म्हणजे त्याच संध्याकाळी समोर उभं राहून “हा व्यवहार व्हॉइड करा आणि स्लिप द्या” म्हणता आलं असतं. बॅच गेली की मग दुकानदाराने रिफंड दिला किंवा बँकेतली तक्रार जिंकली तरच पैसे येणार.

आता ती गोष्ट सांगते जी मला त्या दिवशी माहीत असायला हवी होती. पैसे कापले गेले पण दुकानात मशीनने चार्ज स्लिप, म्हणजे कार्डाने पैसे घेतल्याची छापील पावती, काढलीच नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमाप्रमाणे ते पाच दिवसांच्या आत आपोआप परत यायला हवेत, आणि उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. ‘आपोआप परत येतात’ हे लोकांच्या तोंडी बसलेलं वाक्य या असल्या अडकलेल्या व्यवहारांसाठी खरं आहे. पण यशस्वी व्यवहाराची स्लिप बाहेर आली असेल तर व्यवहार पुरा झाला, पैसे दुकानदाराच्या खात्यात निघाले. तिथे आपोआप काहीच होत नाही. माझ्या डोळ्यांसमोर कागद निघाला होता आणि तो कुणी वाचला, तर मालकांनी. डिक्लाइन झालं तरी बहुतेक मशीनवर तसा छापील कागद निघतो. त्यामुळे ‘कागद माझ्या हातात द्या’ एवढं एक वाक्य मी म्हणायला हवं होतं.

पाच दिवस थांबलो, मग आठ. दुकानात फोन केला की “बँकेकडून प्रोसेसमध्ये आहे”. पंधराव्या दिवशी हे स्वतः सोलापूरला गेले. तेव्हा मालकांचा सूर पार बदलला होता. “तुम्ही कार्डाने पैसे दिले, आम्ही माल दिला. रोख कसली?” यांनी गल्ल्यावरच्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं, तर म्हणाले, रेकॉर्डिंग दहा दिवसांचंच राहतं, मग पुसलं जातं. आम्ही रोख मोजून देतानाचा, आमची माणसं सोडली तर, एकमेव साक्षीदार तो कॅमेरा होता, आणि आम्ही भरवशावर थांबलो तेवढ्यात तोही गेला. असा प्रसंग कुणावर आला तर दुसऱ्याच दिवशी दुकानाला लेखी कळवा, अमुक तारखेचं अमुक वेळचं चित्रीकरण जपून ठेवा म्हणून. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं तरी चालेल, पण लिहा. आमचं सगळं बोलणं फोनवर झालं, त्यातलं काहीच हाती राहिलं नाही.

बँकेत तक्रार केली. तिथे एक गोष्ट समजून घ्या. कार्ड चोरून कुणी परस्पर वापरलं आणि आपला दोष नसेल, तर तीन कामाच्या दिवसांत बँकेला कळवल्यावर आपल्यावर भार येत नाही, हा नियम खरा आहे. मुलाने तोच शोधून काढला होता. पण मी पिन स्वतः दाबला होता. बँकेच्या लेखी तो व्यवहार माझ्या मर्जीचा. त्यामुळे माझी तक्रार ‘दुसऱ्या मार्गाने पैसे दिले’ या वर्गात गेली, आणि त्यात रोख दिल्याचा पुरावा मलाच द्यायचा होता.

माझ्याकडे काय होतं? नाव नसलेली कच्ची पावती, आणि ५ वाजून १० मिनिटांच्या सुमाराच्या एटीएमच्या दोन पावत्या. मी अर्जात लिहिलं की ४.५२ ला कार्डाने पैसे दिलेला माणूस अठरा मिनिटांत १७ हजार काढायला का धावेल? मला वाटलं होतं, याला उत्तरच नाही. दीड महिन्याने बँकेचं उत्तर आलं. दुकानाने चार्ज स्लिपची त्यांची प्रत पाठवली होती, तिच्यावर ‘पिन व्हेरिफाइड ओके’ छापलेलं, सोबत त्याच रकमेचं पक्कं बिल. एटीएमची पावती पैसे काढल्याचं सांगते, कुणाला दिले ते सांगत नाही. तक्रार फेटाळली.

तो कागद वाचून मला रडू आलं. शाळेत मी मुलांना बँकेची स्लिप भरायला शिकवते.

रोख आणि कार्ड यांत काय बरं, यावर लग्नघरी पुष्कळ वाद झाला. नणंद म्हणाल्या, कार्डच नको होतं. मुलगा म्हणाला, रोखच द्यायची नव्हती. मला दोघांचंही पुरतं पटत नाही. कार्डाने दिलेल्या पैशाचा माग राहतो, वेळेसकट, आणि तो कुणाला पुसता येत नाही. रोख हातातून गेली की तिचा माग फक्त समोरचा लिहून देईल तेवढाच. आम्ही एकावरून दुसऱ्यावर गेलो त्या पाच मिनिटांत फसलो. माग राहणारे पैसे गेले हे बघितलंच नाही, आणि माग न राहणारे देऊन मोकळे झालो. नुसती रोख दिली असती तर एकदाच गेली असती. नुसतं कार्ड वापरलं असतं तरी तेच.

यात आणखी एक चूक केली, तीही सांगते. तक्रार चालू आहे तोवर पैसे कशाला भरायचे, म्हणून कार्डाच्या बिलातली किमान रक्कम तेवढी भरली, २,३४० रुपये. आमच्या कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. पूर्ण बिल भरलं नाही की ते खरेदीच्या तारखेपासून लागतं, बिलाच्या तारखेपासून नाही. पुढच्या बिलात व्याज आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी मिळून २,६०० च्या वर चढले. तक्रार कितीही खरी असली तरी, ती रक्कम बिलातून बाजूला ठेवल्याचं बँक लेखी देत नाही तोवर बिल पूर्ण भरा आणि मग भांडा. तक्रार जिंकलात तर पैसे परत येतात. भरलेलं व्याज मात्र सहजी परत येत नाही.

लग्नानंतर महिन्याभराने बार्शीतच मिक्सर घ्यायला गेले होते. तिथेही कार्ड चाललं नाही, आणि माझे हात गार पडले. मी म्हटलं, “मला कागद द्या, आणि बँकेचा मेसेज येतोय का बघायला जरा बाहेर थांबते.” दुकानदार तरुण होता. त्याने डिक्लाइनची स्लिप हातात दिली, बसायला खुर्ची दिली, आणि मी रोख दिल्यावर पक्क्या बिलावर ‘रोख मिळाले’ लिहून, तारीख घालून सही केली. एकूण दहा मिनिटं गेली. त्याला राग आला नाही, उलट म्हणाला, काकू, असंच करत जा.

ग्राहक आयोगाची वाट भाच्यानेच दाखवली. भांडण दुकानदाराशी आहे, त्यामुळे तक्रार दुकानावर. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला आयोगात फी नाही, वकील लावायलाच हवा असं नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करता येते. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातही ती दाखल होते, त्यामुळे लांबच्या शहरात खरेदी केली म्हणून हक्क सोडू नका. नणंद आणि मुलगी शपथपत्र द्यायला लगेच तयार झाल्या. विहीणबाईंना विचारायला मला संकोच वाटत होता. त्यांना कळलं तेव्हा त्या स्वतः म्हणाल्या, “मी समोर होते ना. नोटा मोजताना मी बघितल्यात. माझं नाव घाला.” ज्यांच्यापुढे मान खाली जाईल म्हणून मी घाई केली होती, त्यांचीच साक्ष आज माझ्या अर्जात आहे.

कागद जोडताना एटीएमच्या त्या दोन पावत्या काढल्या. तो कागद उष्णतेवर छपाई होणारा, त्याची अक्षरं आपोआप उडतात. एकीवरची वेळ जेमतेम दिसत होती, दुसरीवर रकमेचा आकडा पुसट झाला होता. भाच्याने त्याच दिवशी दोन्हींच्या झेरॉक्स काढल्या, बँकेच्या शाखेतून त्या तारखेचा खातेउतारा शिक्का मारून आणला, आणि तक्रार दाखल केली.