बोटीवर पाणी कुठून आणायचं: वॉटरमेकर, टाकी, पाऊस की तेच पाणी पुन्हा?

बोटीवर राहायचं ठरलं की बहुतेक जण आधी वॉटरमेकर, म्हणजे समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र, बघायला लागतात. माझ्या मते आधी रोज किती पाणी खर्च होतं ते बघावं. प्यायला आणि स्वयंपाकाला माणशी रोज चार-पाच लिटर पुरतात. भांडी, अंघोळ, कपडे हे सगळं वापरायच्या पाण्यात येतं आणि उधळपट्टी होते ती तिथेच. जपून राहिलं तर एकूण 10 ते 15 लिटरमध्ये एका माणसाचा दिवस निघतो. प्रेशर पंपाचा नळ मोकळा सोडला की हाच आकडा दुप्पट-तिप्पट व्हायला वेळ लागत नाही. सिंकखाली पायाने दाबायचा पंप बसवणं हा पाण्याच्या सोयीतला सगळ्यात स्वस्त आणि गुणकारी बदल आहे, पण त्याची जाहिरात कोणी करत नाही.

वॉटरमेकर

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. हे पाणी आरओ मेम्ब्रेनमधून, म्हणजे मीठ अडवून पाणी जाऊ देणाऱ्या बारीक पडद्यातून, गोडं करून काढायचं तर आधी मिठामुळे असलेल्या सुमारे 27 बारच्या (बार हे दाबाचं माप) नैसर्गिक दाबावर मात करावी लागते, म्हणून ही यंत्रं 55-60 बारवर चालतात. छोट्या यंत्रात आत घेतलेल्या पाण्यातलं दहाएक टक्केच गोडं होऊन निघतं, उरलेलं जास्त खारट होऊन परत समुद्रात जातं. त्या परत जाणाऱ्या पाण्यातला दाब पुन्हा कामाला लावणारी यंत्रं लिटरमागे चार-पाच वॉट-तास वीज घेतात. दोघांचे 30 लिटर धरले तर 150 वॉट-तास, म्हणजे 12 व्होल्टच्या बॅटरीतून जेमतेम 12-13 अँपिअर-तास. एवढं तर छतावरचं एक बऱ्यापैकी सोलर पॅनेलही देतं. साध्या पंपावर चालणारं यंत्र यापेक्षा दोन-तीन पट वीज खातं, पण त्यात बिघडण्यासारखं कमी असतं आणि सुटे भाग लवकर मिळतात. दूरवर जाणाऱ्यांनी हे नक्की लक्षात घ्यावं. आणखी एक गोष्ट: पाणी जितकं गार, तितकं उत्पादन कमी. माहितीपत्रकातला आकडा सगळ्या समुद्रांत मिळत नाही.

यंत्र सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं निघणारं पाणी टाकीत जाऊ द्यायचं नसतं. तीन तोंडांची तोटी बाहेरच्या बाजूला वळवून ठेवायची, टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) धरून बघायचं, आकडा 500 पीपीएमच्या, म्हणजे लिटरमागे साधारण 500 मिलिग्रॅमच्या, खाली येऊन स्थिर झाला की एक घोट चाखायचा आणि मगच तोटी टाकीकडे फिरवायची. ही सवय नसली तर एका सकाळच्या घाईत अख्खी टाकी खारट होते.

या यंत्राचे दोन मोठे शत्रू म्हणजे तेल आणि क्लोरीन. धक्क्याच्या आसपास पाण्यावर डिझेलचा तवंग असतो, गाळही असतो. तिथे वॉटरमेकर चालवूच नये. पाच-सात दिवस यंत्र बंद राहणार असेल तर मेम्ब्रेन गोड्या पाण्याने धुवावं लागतं आणि ते पाणी कार्बन फिल्टरमधूनच आलं पाहिजे, नाहीतर नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मेम्ब्रेन खाऊन टाकतं. महिनोन्‌महिने बंद ठेवायचं असेल तर सोडियम मेटाबायसल्फाइटसारख्या द्रावणात मुरवून ठेवायचं. थोडक्यात, हे यंत्र वापरण्यापेक्षा न वापरण्याने जास्त बिघडतं. वर्षातले बरेच महिने धक्क्याला बांधून राहणाऱ्याने ते घेऊ नये, असं मी स्पष्ट सांगेन.

धक्क्यावरून भरलेली टाकी

इथे प्रश्न पाणी बनवण्याचा नसून ते खराब होऊ न देण्याचा आहे. कार्बन फिल्टर, यूव्ही (अतिनील किरणांचा दिवा) आणि क्लोरीन यांतलं काय घेऊ, असं लोक विचारतात, पण तिघांची कामं वेगळी आहेत. कार्बन वास आणि चव सुधारतो, जंतू मारत नाही. उलट ओला पडून राहिला तर त्यातच जंतू वाढतात. यूव्ही दिवा पाणी स्वच्छ असेल तर उत्तम काम करतो, गढूळ पाण्यात मात्र जंतू कणांच्या आड लपतात. शिवाय दिव्याखालून गेलेल्या पाण्याला पुढे कसलंच संरक्षण नसतं. क्लोरीनचं तसं नाही, ते टाकीत राहून पहारा देतं. जागतिक आरोग्य संघटनेचा निकष असा: किमान अर्ध्या तासानंतरही पाण्यात लिटरमागे 0.5 मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन उरलेलं असावं. पाच टक्क्यांचं, बिनवासाचं ब्लीच असेल तर 100 लिटरला 4 मिलिलिटर टाकल्यावर लिटरमागे 2 मिलिग्रॅमची मात्रा बसते. अर्ध्या तासाने क्लोरीन तपासायच्या पट्टीने बघायचं. ब्लीच जुनं झालं की त्याचा जोर ओसरतो, त्यामुळे पट्टीला पर्याय नाही.

म्हणून माझी पसंती टाकीत क्लोरीन आणि प्यायच्या नळाला कार्बन, या जोडीला. यूव्ही वरून लावला तर चांगलंच, पण या दोघांच्या जागी नको. पाण्यात डिझेल किंवा मीठ शिरलं असेल तर मात्र यातलं काहीच उपयोगी पडत नाही. आणि वॉटरमेकरचं पाणी टाकीत साठवणाऱ्यांनाही हा भाग लागू आहे. त्या पाण्यात क्लोरीन अजिबात नसतं, टाकी अस्वच्छ असेल तर ते लवकर बिघडतं.

पाऊस

हिशेब सोपा आहे: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. आठ चौरस मीटरची ताडपत्री ताणली आणि 10 मिलिमीटर पडला तर कागदावर 80 लिटर होतात. वाऱ्याने ताडपत्री फडफडते तेव्हा बरंच सांडतं. पहिली सर मीठ आणि पक्ष्यांची घाण धुऊन नेते, ती सोडून द्यावी. पाऊस ही वरकमाई समजावी.

तेच पाणी पुन्हा

सांडपाणी वॉटरमेकरमधून काढून पुन्हा प्यायचं, ही कल्पना ऐकायला छान वाटते. पण साबण आणि तेलकटपणा मेम्ब्रेन चोंदवून टाकतात. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर मूत्र आणि घामासकट 98 टक्के पाणी परत मिळवल्याचं नासाने 2023 मध्ये जाहीर केलं, पण त्या यंत्रणेमागे जमिनीवर अभियंत्यांची फौज बसलेली असते. बोटीवर पाणी फक्त खालच्या कामाकडे उतरवत न्यावं, म्हणजे जिथे कमी स्वच्छ पाणी चालतं तिथे ते पुन्हा वापरावं.

त्यातला सगळ्यात स्वच्छ प्रकार म्हणजे गरम पाणी येईपर्यंत नळातून वाया जाणारं गार पाणी. ते वापरलेलं नसतंच, एका तोटीने सरळ टाकीत परत घेता येतं. अंघोळीचं शेवटचं पाणी डेकसाठी किंवा टॉयलेटसाठी साठवता येतं, पण एका दिवसाच्या आत संपवावं, नाहीतर त्याला घाण वास सुटतो. टॉयलेटला समुद्राचं पाणी वापरणाऱ्यांना याचा आणखी एक फायदा होतो: समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटपासून जिवाणू सडक्या अंड्यासारखा वायू करतात, आणि बोट सोडून जाण्याआधी पाइप गोड्या पाण्याने धुतले की तो त्रास बराच कमी होतो.

भांडी आधी समुद्राच्या पाण्यात घासून शेवटी थोड्या गोड्या पाण्याने विसळली की मोठी बचत होते. साबणाची वडी खाऱ्या पाण्यात फेस देत नाही, तिथे कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे नुसता साका होतो. लिक्विड डिटर्जंट चालतं. जहाजांमुळे होणारं प्रदूषण रोखणाऱ्या आंतरराष्ट्रीय मार्पोल कराराचं चौथं परिशिष्ट मैल्याबद्दल आहे, सिंक आणि अंघोळीचं पाणी त्यात धरलेलं नाही. तरी बंदरं, तळी आणि कालवे यांचे आपापले नियम असतात, ते आधी विचारून घ्यावेत.

मग कोणी काय घ्यावं

मुक्काम मुख्यतः धक्क्याला असेल तर टाकी, क्लोरीन, कार्बन आणि पायपंप एवढ्यात भागतं. स्वच्छ समुद्रात आठवडेच्या आठवडे नांगर टाकून राहणाऱ्यांनी, आणि बॅटरी-सोलर आधीच भक्कम असेल त्यांनीच, दाब परत वापरणारा छोटा वॉटरमेकर घ्यावा आणि तो रोज थोडा वेळ चालवावा. मोठं यंत्र आठवड्यातून एकदा चालवण्यापेक्षा हे बरं.

समुद्र ओलांडणाऱ्यांनी वॉटरमेकर असला तरी पाणी वेगवेगळ्या दोन टाक्यांत ठेवावं, मधली तोटी बंद करून, म्हणजे एक टाकी खराब झाली तरी दुसरी शाबूत राहते. हाताने चालवायचं सगळ्यात छोटं आरओ यंत्र मिनिटाला 40 वेळा दांडा मारून तासाला 0.89 लिटर देतं. ते लाइफराफ्टच्या (बोट बुडाली तर जीव वाचवणाऱ्या तराफ्याच्या) पिशवीत असू द्यावं, पण दुसरी टाकी रिकामी ठेवायला ते निमित्त होऊ नये.