रास्पबेरी पाय 4: कार्डावरून एसएसडीवर आल्यानंतरचे आठ महिने

रास्पबेरी पाय 4 या छोट्या संगणकाच्या 4 जीबी मेमरीच्या बोर्डावर मी घरचे फोटो आणि तापमानाच्या दर मिनिटाच्या नोंदी ठेवतो. आधी सगळा कारभार मायक्रोएसडी कार्डावर होता. गेले आठ महिने तो यूएसबी 3.0ला जोडलेल्या साटा एसएसडीवर आहे.

कार्डाच्या वेष्टनावरचा सेकंदाला 100 एमबीचा आकडा या बोर्डावर दिसणे शक्यच नाही, कारण इथला कार्ड-स्लॉट डीडीआर50 पद्धतीने चालतो आणि त्याची मर्यादाच सेकंदाला 50 एमबी आहे. मात्र खरी अडचण वेगळीच होती. डेटाबेस लहान लहान तुकडे विखुरलेल्या जागी लिहितो, आणि ए1 दर्जाच्या कार्डाने हमी दिलेली असते ती सेकंदाला 500 लेखनांची, म्हणजे 4 केबीच्या हिशेबाने जेमतेम 2 एमबीची. अपडेट चालू असताना एसएसएचवर (दुसऱ्या संगणकावरून आज्ञा देण्याची सोय) टाइप केलेले अक्षर उमटायलाही वेळ लागे. प्रोसेसर जवळपास रिकामा आणि आयओ-वेट (डिस्कची वाट पाहण्यात जाणारा वेळ) चढलेला, असे चित्र असे. एसएसडी लावल्यावर हे थांबणे पूर्णपणे थांबले, आणि माझ्या दृष्टीने हाच सर्वांत मोठा फायदा आहे.

त्याआधी एसएसडी यूएसबीला जोडणाऱ्या अडॅप्टरने दीड महिना छळले. दोन-चार दिवसांनी डिस्क अर्धा मिनिट गोठायची आणि कर्नलच्या (प्रणालीच्या गाभ्याच्या) नोंदींत यूएसबी रीसेटची ओळ यायची. अडॅप्टरमधल्या चिपचे यूएएसशी (यूएसबी डिस्कसाठीची वेगवान पद्धत) जमत नव्हते. सीएमडीलाइन या सुरुवातीच्या सेटिंगच्या फाइलमध्ये क्वर्क्सची (त्या चिपसाठीच्या अपवादाची) नोंद करून यूएएस बंद केल्यावर डिस्क स्थिर झाली, पण वेग उतरला. शेवटी अडॅप्टरच बदलला. म्हणून डिस्क निवडण्याइतकाच वेळ अडॅप्टरची चिप तपासण्यात घालवावा, असे मी आग्रहाने सांगेन. चारही यूएसबी पोर्टना मिळून 1.2 अँपिअरच वीज मिळते, त्यामुळे दुसरी डिस्क स्वतंत्र वीजपुरवठ्याच्या हबवरच लावावी. यूएसबी 3.0चे दोन्ही निळे पोर्ट पीसीआयई 2.0च्या (बोर्डातल्या वेगवान जोडमार्गाच्या) एकाच लेनवर आहेत, तेव्हा दोन डिस्कमध्ये नक्कल करताना वेग वाटला जातो.

एक बारीक गोष्ट: प्लग निळ्या पोर्टमध्ये सावकाश सरकवला की कधी कधी जोडणी यूएसबी 2.0वरच अडकते. एलएसयूएसबी या आज्ञेने दिसणाऱ्या जोडण्यांच्या वृक्षात 5000एमऐवजी 480एम दिसले, तर प्लग काढून एका झटक्यात बसवावा.

2023चा पाय 5 एनव्हीएमई (अधिक वेगवान प्रकारची एसएसडी) थेट पीसीआयईवर घेतो, त्यामुळे यूएसबी अडॅप्टरचा प्रश्नच मिटतो. तरी घरच्या नेटवर्कची मर्यादा गिगाबिटची असताना केवळ साठवणुकीसाठी चालता पाय 4 बदलण्याची गरज मला वाटत नाही.