यूट्यूब स्टुडिओची कमेंट-चाळणी : शिवी अडते, 'लोंढा' सुटतो

विरार लोकलच्या गर्दीचा व्हिडिओ टाका, नाहीतर दादरच्या फेरीवाल्यांवरच्या कारवाईचा. बातमी रेल्वेची असो वा पालिकेची, खाली प्रतिक्रियांत दोषी ठरतो तो बाहेरून आलेला माणूस. मुंबईतल्या छोट्या मराठी न्यूज चॅनेलना हे आवरायला फुकटात मिळणारं साधन म्हणजे यूट्यूब स्टुडिओतली 'ब्लॉक्ड वर्ड्स' यादी. ती वापरावीच. पण मराठीसाठी ती भरताना मेहनत घ्यावी लागते.

मांडणी सोपी आहे. संगणकावर स्टुडिओ उघडायचा, सेटिंग्जमधल्या कम्युनिटीच्या भागात शब्द स्वल्पविराम देऊन भरायचे. जुळणारी कमेंट दिसण्याआधी तपासणीसाठी थांबते; लाइव्ह चॅटमधला मेसेज सरळ अडतो.

अडचण विभक्तीची. नुसतं 'भय्या' भरून भागत नाही. भय्ये, भय्यांना, भय्यांमुळे ही रूपं हवीत, 'भैया', 'भैय्या' ही लेखनं हवीत, रोमन लिपीतली स्पेलिंगं वेगळी. सगळ्यात फसवा शब्द 'बिहाऱ्यांना'. त्यातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टाइप होतो : खाली नुक्ता असलेला ऱ आणि हलंत, किंवा साधा र, हलंत आणि मागे न दिसणारं झेडडब्ल्यूजे हे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब, यंत्राच्या लेखी दोन वेगळे शब्द. जोडचिन्ह गळलं की 'बिहार्यांना' असा रफार वर चढतो, ते तिसरं रूप. 'जवळपास जुळणारे' शब्द चाळणी पकडते खरी, पण मराठी प्रत्ययांच्या बाबतीत त्यावर विसंबू नका. तिन्ही रूपं हातानं भरा.

यात 'शेजारचे बिहारी काका देवमाणूस आहेत' ही कमेंटही अडकणार. म्हणून रोज कुणीतरी बसून थांबलेल्या कमेंट सोडवायला हव्यात. त्या स्टुडिओत जास्तीत जास्त ६० दिवस राहतात. सुट्टीच्या आठवड्यात हे काम हमखास तुंबतं, आणि बाजू घेणारे आवाजच गायब होतात.

खरी उणीव पुढे आहे. 'लोंढे थांबवा, लोकल आपोआप रिकामी होईल' या वाक्यात एकही शिवी नाही. लोंढा पाण्याचा असतो. त्याला नाव नसतं, खोलीचं भाडं नसतं, गावी पाठवायचे पैसे नसतात. कोकणातून गिरणीत आलेला माणूसही स्थलांतरितच होता, पण त्याच्यासाठी 'चाकरमानी' हा मायेचा शब्द आहे. गोरखपूरहून येऊन अंधेरीत रिक्षा चालवणाराही चाकरमानीच, त्याला मात्र कुणी तसं म्हणत नाही. साठच्या दशकाच्या अखेरीस हाच रोख दाक्षिणात्य कारकुनांवर होता, तेव्हा 'लुंगी' एवढा एक शब्द पुरायचा. माणसं बदलली, वाक्याची घडण तीच राहिली, आणि ही घडण कुठल्याच यादीला पकडता येत नाही.

यादीत 'हे लोक' असा शब्दसमूह भरता येतो, पण मग बिल्डरवर आणि पालिकेवर चिडलेलेही अडकतात. त्यापेक्षा 'लोंढे', 'लोंढ्यांमुळे', 'उपरे', 'घुसखोर' भरा आणि थांबलेली प्रत्येक कमेंट वाचा. 'घुसखोर' सीमेवरच्या बातमीखाली योग्य असू शकतो. उत्तर प्रदेशातून आलेल्या भारतीय नागरिकाला तो लावणं हे धडधडीत खोटं आहे. अशी कमेंट सोडू नये. तोच माणूस पुन्हा पुन्हा लिहीत असेल तर 'हाइड युजर' वापरा : त्याला सूचना जात नाही, इतरांना त्याची कमेंट दिसत नाही. 'अप्रूव्ह्ड युजर' मात्र जपून नेमा, त्यांच्या कमेंटना ही चाळणी लागत नाही.

पाचपैकी तीन तारे. दिवसाकाठी अर्धा तास देणारं, बोलीतली टोचणी ओळखणारं माणूस डेस्कवर असेल तरच. आणि यादी भरण्याआधी स्वतःचं थंबनेल बघा. तिथे लाल अक्षरांत 'लोंढे' लिहिलं असेल तर आधी ते बदला.