भट्टीसाठी सोलर: आपल्याच छपरावर की चौघांनी मिळून?

कोल्हापूरजवळ शिरोली किंवा गोकुळ शिरगावला फाउंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना असेल, तर खरेदीदाराच्या फॉर्मात हल्ली एक नवा रकाना दिसतो: टनामागे कार्बन किती? पहिल्या 1000 लिस्टेड कंपन्यांना शेअर बाजार नियामक सेबीच्या बीआरएसआर (पर्यावरण आणि जबाबदारीच्या) अहवालात उत्सर्जन दाखवावं लागतं, आणि तोच प्रश्न झिरपत आपल्यापर्यंत येतो. विजेवरच्या इंडक्शन भट्टीवाल्याचं उत्तर बरंचसं वीजबिलात असतं. म्हणून हा हिशेब.

एक टन लोखंड वितळवायला साधारण 600 युनिट धरा. महिन्याला 300 टन मेल्टिंग म्हणजे 1 लाख 80 हजार युनिट, तेही नुसत्या भट्टीचे. आता छप्पर बघा. 10 हजार चौरस फूट मोकळं मिळालं तर 100 किलोवॉट बसतात आणि महिन्याला 12 हजारांच्या आसपास युनिट येतात. सात टक्केसुद्धा नाहीत!

शिवाय फाउंड्रीची धूळ. शेकआउटची, म्हणजे साचा फोडून कास्टिंग काढतानाची, काळी वाळू पॅनेलवर अशी बसते की बोट फिरवलं तर बोट काळं होतं. धुवायचा खर्च कोटेशनमध्ये सहसा नसतो, तो विचारून घ्या. पत्रा जुना सिमेंटचा असेल तर आधी तो बदलायचा. बाकी छपराचं सुख मोठं आहे: मालकी आपली, करातला 40 टक्के घसारा आपला, ग्रिडमधून वीज आणायचा वहन आकार नाही, कुणाची मनधरणी नाही. मशिन शॉपपुरतं छप्पर उत्तम.

चौघांनी मिळून करायचं त्याला ग्रुप कॅप्टिव्ह म्हणतात. त्यात प्रकल्प दूर, मोकळ्या जमिनीवर उभा राहतो आणि वीज ग्रिडमधून येते. वापरणाऱ्यांकडे मिळून किमान 26 टक्के मालकी हवी आणि वर्षाला तयार होणाऱ्या विजेपैकी किमान 51 टक्के त्यांनीच वापरायला हवी. भट्टीची निम्मी वीज इथून आली, तर महिन्याला 90 हजार युनिट. ग्रिडच्या युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर 63 टन वाचतात. छपरावर जेमतेम साडेआठ. डेव्हलपर दर सांगेल तेव्हा वहन आकार आणि वाटेतली घट धरून आपल्या मीटरवर काय पडतं ते विचारा. रात्रीचं मेल्टिंग असेल तर बँकिंगच्या, म्हणजे दिवसाची जादा वीज ग्रिडमध्ये जमा ठेवून नंतर वापरायच्या, अटीही नीट वाचा, सूर्य काही थर्ड शिफ्टला येत नाही.

खरी मेख त्या 51 टक्क्यांत आहे. शेजाऱ्याच्या ऑर्डरी आटल्या, उचल घटली आणि कॅप्टिव्ह दर्जा गेला, तर क्रॉस सबसिडी अधिभार, म्हणजे बाहेरून वीज घेणाऱ्यावर लागणारा जादा आकार, तुमच्याही बिलात येतो. पंचगंगाकाठी पाणीपुरवठा संस्था चालवणाऱ्यांना हे नवं नाही. तिथेही एकाच्या थकबाकीने सगळ्यांची मोटर अडते.

माझं मत विचाराल तर भट्टी असेल तिथे ग्रुपच; छप्पर जमलं तर जोडीला. फक्त सगळे सभासद ट्रॅक्टरचं कास्टिंग करणारे नकोत, मंदी एकदमच येते. एखादा पंपवाला, एखादं शीतगृह घ्या. सही करण्याआधी प्रत्येकाची मागच्या 3 वर्षांची बिलं एका टेबलावर मांडायला लावा. बिल दाखवायला जो का-कू करतो, त्याला चहा पाजून परत पाठवा.