चोख मासळी आणि बिलातल्या चोरवाटा

पुण्याच्या पश्चिमेकडील एका उपनगरात गेल्या काही वर्षांत बऱ्यापैकी नाव झालेल्या एका मालवणी हॉटेलचे हे परीक्षण आहे. हॉटेलचे नाव मी मुद्दाम देत नाही. तेथे जे अनुभवास आले ते थोड्याफार फरकाने शहरातील कितीतरी हॉटेलांत चालते, आणि एकाच मालकाला वेठीस धरण्यापेक्षा बिल फुगवण्याच्या या क्लृप्त्या नेमक्या कशा चालतात हे समजून घेणे अधिक उपयोगाचे आहे, असे मला वाटते. जानेवारीतल्या एका गुरुवारी दुपारी मी, पत्नी आणि आई असे तिघे तेथे जेवायला गेलो होतो.

स्वयंपाकाविषयी आधी लिहायला हवे, कारण त्यात खोट काढण्याजोगे फारसे काही नाही. सुरमईची तुकडी तांदळाच्या पिठात आणि रव्यात घोळवून तव्यावर बेताच्या तेलात तळलेली होती. वरचे आवरण कुरकुरीत असूनही आतला मासा कोरडा पडलेला नव्हता. आमटीतले वाटण ताज्या खोबऱ्याचे होते आणि आमसुलाचा आंबटपणा मसाल्यावर कुरघोडी करत नव्हता. तिसऱ्यांचे, म्हणजे शिंपल्यांचे, सुके तर वाखाणण्याजोगे होते. दाताखाली वाळूचा एक कणही आला नाही, आणि तिसऱ्या किती वेळा धुवाव्या लागतात हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचे मोल कळेल. आईचा गुरुवार असल्यामुळे तिने शाकाहारी थाळी घेतली. तीत काळ्या वाटाण्याचे सांबारे होते आणि ते मासळीच्या हॉटेलात नाइलाजाने केल्यासारखे मुळीच नव्हते. फलकावर ‘बोनलेस फिश कोळीवाडा’ असा पदार्थ होता. तो कोणत्या माशाचा, असे विचारताच वाढप्याने आढेवेढे न घेता ‘बासा आहे, साहेब’ असे सांगून टाकले.

हा शेवटचा तपशील क्षुल्लक नाही. बासा म्हणजे गोड्या पाण्यात पाळला जाणारा, पांढऱ्या मांसाचा, काटे काढून गोठवलेल्या तुकड्यांच्या रूपात मिळणारा स्वस्त मासा. मसाला लावून तळल्यावर तो ओळखणे नेहमी खाणाऱ्यालाही अवघड जाते, आणि म्हणूनच अनेक ठिकाणी तो रावस म्हणून ताटात येतो. काटे नसलेला, चवीला जवळजवळ निर्गुण आणि वाजवीपेक्षा मऊ असा ‘रावस’ समोर आला, तर निदान प्रश्न तरी विचारावा. १ जून ते ३१ जुलै या काळात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, त्यामुळे ऐन जुलैत ‘आजच आलेली ताजी सुरमई’ असे कोणी सांगू लागले, तर ती कोणत्या किनाऱ्यावरून आली हेही विचारायला हरकत नाही. शाकाहारी ताटात हीच हातचलाखी पनीरच्या बाबतीत होते. दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल घालून केलेला पदार्थ पनीर या नावाने विकणे अन्नसुरक्षेच्या नियमांत बसत नाही, तरीही तो पनीर मसाल्यात सर्रास सापडतो. समाजमाध्यमांवर लोकप्रिय झालेली आयोडीनची चाचणी येथे अर्धवटच उपयोगी पडते. ती फक्त पिष्टमय भेसळ दाखवते. पिष्ट न घालता नुसत्या तेलावर केलेले बनावट पनीर तिच्यातून निर्धास्तपणे सुटते.

म्हणजे या हॉटेलचे स्वयंपाकघर प्रामाणिक आहे. माझी सगळी तक्रार गल्ल्याविषयी आहे.

बिल आले ते ३,७०८ रुपयांचे. दोन सुरमई थाळ्या १,०४०, शाकाहारी थाळी ३२०, तिसऱ्यांचे सुके ४२०, पापलेट तवा फ्राय १,१५०, सोलकढीचे दोन ग्लास १८०, पाण्याच्या दोन बाटल्या १००, अशी एकूण ३,२१० रुपयांची बेरीज होती. तिच्याखाली ‘स्टाफ वेलफेअर १० टक्के’ या नावाने ३२१ रुपये आणि त्या सगळ्यावर मिळून पाच टक्के जीएसटी लावलेला होता. थाळ्यांचे आणि तिसऱ्यांचे दर फलकावर छापलेलेच होते, त्यांविषयी वाद नाही. उरलेल्या चार ओळींपैकी एकीचीही कल्पना आम्हाला जेवण मागवताना स्पष्टपणे दिलेली नव्हती.

पापलेटचा प्रकार सविस्तर सांगण्यासारखा आहे. मासळीच्या हॉटेलांत पापलेट, मोठी कोळंबी, खेकडे यांच्यापुढे दराच्या जागी ‘एपीएस’ अशी तीन अक्षरे छापलेली असतात, म्हणजे आकाराप्रमाणे दर. यात मुळात गैर काही नाही, कारण बाजारातच पापलेटचा भाव आकाराप्रमाणे झपाट्याने चढत जातो आणि हॉटेलवाल्याला रोज फलक छापणे परवडणार नाही. वाढपी बर्फावर तीन पापलेटे मांडलेला ट्रे घेऊन आला. पत्नीने कल्ले उचलून पाहिले, ते लालभडक होते, डोळेही स्वच्छ होते. ‘ताई, हा मधला घ्या, आजचाच आहे,’ असे त्याने सुचवले आणि किंमत विचारल्यावर ‘होईल आठ-नऊशेपर्यंत’ असे चालता चालता सांगितले. बिलात त्याच पापलेटचे १,१५० लागले. व्यवस्थापकाचे उत्तर तयार होते: मासा मोठा निघाला, वजन जास्त भरले. वजन कोठे केले आणि किती भरले, या प्रश्नाला मात्र उत्तर नव्हते. गल्ल्यापाशी वजनकाटा नव्हता आणि आमच्यासमोर तर काहीच मोजले गेले नव्हते. ताटात आलेला मासा ट्रेमधलाच होता का, अशी शंका पत्नीने घरी येताना बोलून दाखवली. तव्यावर मासा आक्रसतो आणि चिरा दिल्यावर त्याचा आकारही बदलतो, त्यामुळे त्याबद्दल मी काही म्हणणार नाही. ‘आठ-नऊशेपर्यंत’ या शब्दांना मात्र काहीतरी अर्थ असायला हवा होता.

यावर उपाय एकच आहे आणि तो मागवण्यापूर्वीच करावा लागतो. पसंत केलेल्या माशाची किंमत वाढप्याला ऑर्डरच्या चिठ्ठीवर आपल्यासमोर लिहायला सांगावी. ही चिठ्ठी स्वयंपाकघरात जाते आणि तिच्यावरूनच बिल तयार होते, त्यामुळे तिच्यावर लिहिलेला आकडा नंतर फुगवणे अवघड होते. चांगली हॉटेले हे हसतमुखाने करतात. मुंबईत गिरगाव-दादरकडच्या काही जुन्या खाणावळींत तर विचारण्याआधीच आकडा सांगण्याची पद्धत मी पाहिली आहे. जेथे वाढपी लिहून देण्यास कुरकुर करतो, तेथे थाळीवर भागवावे. ‘आजचा स्पेशल’ म्हणून तोंडी सुचवल्या जाणाऱ्या सर्वच पदार्थांना हे लागू आहे, कारण जो पदार्थ छापील फलकावर नाही, त्याचा दर बिल येईपर्यंत कोठेच अस्तित्वात नसतो.

सोलकढीचे असेच झाले. थाळीसोबत एक वाटी सोलकढी येते, असे फलकावर लिहिले आहे. ती संपत आल्यावर वाढपी जग घेऊन आला आणि ‘अजून देऊ का?’ असे अगत्याने विचारत त्याने दोघांना ग्लासात भरून वाढली. भात आणि आमटी ज्या सुरात पुन्हा वाढली जात होती, त्याच सुरात हेही झाले. भात-आमटीचे पैसे लागले नाहीत, सोलकढीचे मात्र प्रत्येकी ९० रुपये लागले. मसाला पापड, चटण्यांची बशी, जेवणानंतरचे पान, अशा न मागता येणाऱ्या प्रत्येक वस्तूबाबत ‘हे थाळीत आहे का?’ एवढे विचारण्यात कमीपणा मानू नये.

पाण्याच्या बाबतीत बहुतेक ग्राहकांचा कायद्याविषयी एक गैरसमज आहे. आम्ही बसताच वाढप्याने दोन बाटल्या आणून, काही विचारण्याच्या आत त्यांची झाकणे फिरवली. बाटलीवर छापील किंमत २० रुपये आणि बिलात ५०. छापील किमतीपेक्षा जास्त घेणे हा गुन्हाच आहे, असे समजून अनेक जण येथे वाद घालतात आणि हरतात. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०१७ रोजी दिलेल्या निकालानुसार हॉटेल-रेस्टॉरंटमध्ये दिली जाणारी बाटली ही निव्वळ वस्तूविक्री नसून बसण्याची जागा, वाढप, वातावरण यांसह दिली जाणारी सेवा आहे, आणि म्हणून तेथे छापील किमतीहून अधिक रक्कम आकारता येते. मला हा निकाल ग्राहकाच्या दृष्टीने फारसा रुचत नाही. पण तो तसा आहे. गल्ल्यावरून बाटली विकत घेऊन बाहेर पडणाऱ्या माणसाला हाच तर्क लावणे मात्र हास्यास्पद ठरेल. या हॉटेलात माझा आक्षेप किमतीपेक्षा झाकण फिरवण्याच्या घाईवर आहे. साध्या पाण्याचा जग तेथे असतो. तो मागितल्यावर लगेच आला, पण तो असल्याचे आपणहून कोणी सांगत नाही.

उरली ती ‘स्टाफ वेलफेअर’ची ओळ, आणि येथे कायदा पूर्णपणे ग्राहकाच्या बाजूने आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वे जारी करून सेवाशुल्क बिलात आपोआप जोडण्यास मनाई केली. ते दुसऱ्या कोणत्याही नावाने वसूल करू नये, ते नाकारणाऱ्याला प्रवेश किंवा सेवा नाकारू नये आणि ते बिलात मिळवून त्यावर जीएसटी लावू नये, असेही त्यांत स्पष्ट म्हटले आहे. हॉटेलचालकांच्या संघटना या तत्त्वांविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, तेथे काही काळ स्थगितीही होती. अखेर २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळून ही तत्त्वे वैध ठरवली. तेव्हापासून अनेक ठिकाणी सेवाशुल्क हे नाव पुसले गेले आणि त्या जागी कर्मचारी कल्याण, आदरातिथ्य निधी अशी सात्त्विक नावे आली. कोणाला कर्मचाऱ्यांच्या कल्याणाविरुद्ध बोलायला आवडेल? नावाची निवड नेमकी याच संकोचासाठी केलेली असते.

ही ओळ काढा, असे मी व्यवस्थापकांना सांगितले. आधी ‘ते सिस्टीममध्येच आहे, साहेब’ असे उत्तर मिळाले. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक मी उच्चारताच सिस्टीमने मिनिटभरात नवे बिल दिले. ते ३,३७१ रुपयांचे होते, म्हणजे ३३७ रुपयांनी कमी, कारण मूळ शुल्कासोबत त्यावरचा करही गेला. वाढप्याला मी दीडशे रुपये वेगळे हातात दिले. त्याचे काम चांगले होते, आणि गल्ल्यावर जमा होणाऱ्या त्या दहा टक्क्यांतले त्याला किती मिळतात, या प्रश्नावर तो नुसता हसला होता.

‘स्टाफ वेलफेअर’वर लावलेला कर सोडला, तर कराच्या बाबतीत या हॉटेलचा व्यवहार नियमाला धरून होता. इतरत्र मात्र तो तपासून घ्यावा. १५ नोव्हेंबर २०१७ पासून रेस्टॉरंटमधील जेवणावर, वातानुकूलित दालन असो वा नसो, पाच टक्केच जीएसटी आहे. दिवसाला ७,५०० रुपयांहून अधिक खोलीभाडे असलेल्या मोठ्या हॉटेलांच्या आवारात तो १८ टक्के लागतो. लहान हॉटेलांपैकी अनेकांनी मात्र ‘कंपोझिशन’ योजना घेतलेली असते. त्यांना कर आपल्या खिशातून भरावा लागतो आणि ग्राहकाकडून जीएसटी घेण्याचा अधिकारच नसतो. तरीही काही ठिकाणी बिलावर पाच टक्के निर्धास्तपणे छापले जातात आणि सरळ मालकाच्या खिशात जातात. बिलावरचा पंधरा अंकाक्षरांचा जीएसटी क्रमांक (महाराष्ट्रात तो २७ ने सुरू होतो) जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की ते हॉटेल नियमित करदाते आहे की कंपोझिशनमध्ये, हे जागच्या जागी दिसते. क्रमांकच छापलेला नसेल आणि तरी कर लावलेला असेल, तर विचारायचे काही शिल्लकच राहत नाही. परमिट रूममध्ये आणखी एक गोष्ट पाहावी: मद्यावर जीएसटी लागत नाही, राज्याचा व्हॅट लागतो, तेव्हा जेवण आणि मद्य यांच्या एकत्रित रकमेवर जीएसटी लावलेला असेल तर ते बिल चुकीचे आहे. अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा अंकी क्रमांक बिलावर छापणे १ जानेवारी २०२२ पासून बंधनकारक आहे. कोऱ्या कागदावर ‘एस्टिमेट’ म्हणून हातात ठेवल्या जाणाऱ्या कच्च्या बिलावर तो कधीच नसतो. असे कागद परत करून पक्के बिल मागावे.

त्या दुपारचा हिशेब मांडला तर असे दिसते की जी ओळ छापील होती आणि जिच्याविरुद्ध लेखी नियम होता, ती मिनिटभरात निघाली. पापलेटचे अडीचशे आणि सोलकढीचे एकशेऐंशी मात्र गेले ते गेलेच, कारण ते सगळे तोंडी ठरलेले होते आणि तोंडी गोष्टीवर गल्ल्यापाशी भांडणारा माणूस शेवटी कटकट्या ठरतो. पाठीमागे रांग उभी असते, आई दारापाशी ताटकळत असते, आणि हॉटेलला हे ग्राहकापेक्षा अधिक चांगले ठाऊक असते.

स्वयंपाकाला मी पाचपैकी साडेचार गुण देईन, हिशेबाला दीड. मासळी खायला जरूर जावे, शक्यतो साडेबाराच्या आत, कारण नंतर तिसऱ्या उरत नाहीत. थाळी घ्यावी, साधे पाणी मागावे आणि पापलेट घ्यायचेच असेल तर आकडा चिठ्ठीवर लिहून घ्यावा. गेल्या आठवड्यात माझ्या सांगण्यावरून तेथे जेवून आलेल्या मित्राने बिलाचा फोटो पाठवला. ‘स्टाफ वेलफेअर’ची ओळ त्यात तशीच होती, आणि त्याने विचारल्यावर ती याही वेळी लगेच काढून दिली गेली.