फोर्ड केंट इंजिन: क्रॉसफ्लोपूर्वीचे की क्रॉसफ्लो?

ब्रिटिश फोर्डच्या केंट इंजिनाची सुरुवात 1959 मधील अँग्लिया 105ई या छोट्या कारपासून झाली. त्या 997 सीसी इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) 80.96 मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनचा वर-खाली प्रवास) केवळ 48.41 मिमी होता. पुढे बोअर तोच ठेवून स्ट्रोक वाढवत 1498 सीसीपर्यंत मजल मारली गेली आणि तिथे क्रँकशाफ्टला (पिस्टनच्या हालचालीने फिरणाऱ्या मुख्य दांड्याला) तीनऐवजी पाच मुख्य बेअरिंग मिळाली.

1967 साली आलेल्या क्रॉसफ्लो या पुढच्या आवृत्तीने मात्र सिलिंडर हेडच, म्हणजे सिलिंडरवरचे झाकणच, बदलले. जुन्या इंजिनात कार्बुरेटर (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या) एकाच बाजूला असतात, तर क्रॉसफ्लोमध्ये ते समोरासमोर येतात. शिवाय ज्वलनकक्ष मुख्यतः पिस्टनच्या माथ्यावरील वाटीत असल्याने हेडचा तळ जवळजवळ सपाट दिसतो. कार्बुरेटर आणि एक्झॉस्टच्या बाजूंवरून बॉनेट उघडताच ओळख पटते, त्यासाठी काहीही खोलावे लागत नाही.

खरी परीक्षा ब्लॉकची, म्हणजे सिलिंडर असलेल्या इंजिनाच्या मुख्य ओतीव भागाची, असते, कारण हेड कुणीही बदललेले असू शकते. ब्लॉकच्या बाजूला ओतीव अक्षरांत '711एम' दिसले, तर तो नंतरचा, अधिक भक्कम ब्लॉक समजावा; तेलाचे चेंबर काढल्यावर मुख्य बेअरिंगच्या चौकोनी टोप्या त्याला दुजोरा देतात. शर्यतीसाठी किंवा रोजच्या वापरासाठी इंजिन बांधायचे असेल, तर मी निःसंशय हाच ब्लॉक निवडेन. पण जुन्या अँग्लियात 997 सीसीचे मूळ इंजिन शाबूत असेल, तर ते काढून क्रॉसफ्लो बसवू नये, असे मला मनापासून वाटते.